सपाट अर्धा चमचा

आमच्या स्वयंपाकघरात सहा चमचे होते आणि त्यांतील कोणत्याही दोघांचे एकमेकांशी जमत नसे. एक दूधभुकटीच्या डब्यातून आलेला, एक औषधाच्या बाटलीबरोबरचा, दोन चहाचे पण वेगवेगळ्या दुकानांतले, एक आहेरात आलेला चकचकीत आणि एक मिठाच्या बरणीत कायम मुक्कामाला असलेला लाकडी. यांपैकी एकालाही आईने मोजमापाचे साधन मानले नव्हते. चमचा हा तिच्या लेखी जिन्नस बरणीतून बाहेर काढण्याचा उपाय होता. किती काढायचा हे तिचा हात ठरवी. त्या हाताची आमटी तीस वर्षे खाऊन आम्ही कोणी तक्रार केली नव्हती. पुढे सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस आमच्या या घरात मोजमापाचे जे थोतांड माजले, त्याविषयी लिहावे असे मला निवृत्तीनंतर वाटू लागले. लिहिण्याची सवय नाही, आणि जे लिहायचे त्यात माझी बाजू शोभेशी नाही, म्हणून इतकी वर्षे टाळले.

मी तेव्हा सिन्नरच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवीत असे. नाशिकहून सकाळची एसटी, संध्याकाळी परतीची. लग्न झाले नव्हते. आई-वडिलांजवळ राहत होते. वर्गात माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत स्वच्छ पोहोचे. घरात चार माणसे बसली की तोच आवाज माझ्या ताटाच्या कडेपर्यंतही जात नसे. याला घरचे लोक माझा स्वभाव म्हणत आणि त्यांना तो फार आवडे.

वडील कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. मिठावर त्यांची भक्ती होती. देवळ्याची आत्या दरवर्षी कांद्यांचे पोते पाठवी. त्यातला एक कांदा रोज जेवताना मुठीने फोडायचा, त्यावर मीठ चोळायचे आणि पहिला घास घेण्याआधी तो संपवायचा, हा त्यांचा नेम. पेरू, काकडी, कैरी, उकडलेले शेंगदाणे, कशालाही ते मिठावाचून शिवत नसत. मग एका वर्षी त्यांना गंगापूर रोडच्या बसथांब्यापर्यंत चालताना धाप लागू लागली. डॉक्टरांनी तपासले आणि हृदय थकले आहे असे सांगितले. औषधे लिहून दिली आणि म्हणाले, "मीठ बंद केल्यासारखंच. दिवसभरात सगळं मिळून अर्धा चमचा."

आईने विचारले, "कसला चमचा?"

"लहान. चहाचा."

"शीग लावून की सपाट?"

डॉक्टरांच्या दाराशी पुढचे रुग्ण ताटकळत होते. ते म्हणाले, "सपाट हो, बाई. मीठ आहे, बाजरी नाही."

हा टोला आईला कळला नाही, कारण तिच्या दृष्टीने त्यात काही फरक नव्हता. तिच्या माहेरी धान्याच्या मापावर शीग नसेल तर घेणारा आणि देणारा दोघेही ओशाळत. मापाच्या काठावरून हात फिरवून ते सपाट करणे म्हणजे कद्रूपणा. पाहुण्याच्या बाबतीत तर अपमानच. तिच्या हातून आयुष्यात सपाट माप कधी पडले नव्हते. जावयाच्या चहात ती साखरेचे दोन चमचे घाली, आणि दोन्हींवर शीग असे.

या जावयाकडे आता वळले पाहिजे. माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे दाजी, ओझरच्या विमानांच्या कारखान्यात तपासनीस होते. सुटा भाग हातात घ्यायचा, मापाचा चिमटा लावायचा आणि तो पास की बाद हे सांगायचे, हे त्यांचे काम. कामात ते वाकबगारच असले पाहिजेत. अडचण इतकीच, की कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडल्यावरही ते माणसांकडे आणि वस्तूंकडे त्याच नजरेने पाहत, आणि दर रविवारी स्कूटरवरून ताईला घेऊन आमच्याकडे येत. वडिलांना ते मामा म्हणत, आईला मामी, आणि मला 'मास्तरीणबाई'. या शेवटच्या शब्दात आदर किती आणि टिंगल किती, याचे प्रमाण त्यांनी एकदाही चुकू दिले नाही.

डॉक्टरांकडून आल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी ते खांद्याला पिशवी लावून आले. पिशवीत चिमटा, कानस आणि पितळेची एक पातळ पट्टी.

"मामी, दाखवा बरं, अर्धा चमचा कसा घेता."

आईने चहाचा चमचा बरणीत बुडविला, शीग भरून वर काढला आणि बोटाने थोडे मीठ परत पाडले. "हा अर्धा."

"हा अर्धा? मामी, हा दीड आहे!"

"जावईबापू, कमी पडलं तर घास उतरेल का त्यांच्या घशाखाली?"

"जास्त पडलं तर मामाच उतरतील खाली."

"अहो, काय बोलता!" ताई म्हणाली.

"शास्त्र बोलतो," दाजी म्हणाले, आणि माझ्याकडे पाहून, "काय मास्तरीणबाई, बरोबर ना?"

मी हसले. माझे हसणे सर्वांनी होकार समजले, आणि खरे तर तो होताही.

त्यानंतरचा तासभर आमचे स्वयंपाकघर कारखाना झाले. सहाही चमचे ओट्यावर मांडून त्यांची लांबी, रुंदी, खोली मोजण्यात आली. पाच बाद झाले. दूधभुकटीच्या चमच्याला दाजी म्हणाले, "हा चमचा नव्हे, पळीची पोर आहे." पास झालेल्या चमच्याचा काठ कानशीने घासून एका पातळीत आणला. मग त्यांनी त्याची खोली मोजली, तिचा मध्य काढला आणि आतल्या बाजूला तेथे एक बारीक रेघ कोरली. या रेघेपर्यंत मीठ, वरून पितळी पट्टीच्या टोकाने दाबून सपाट. झाला अर्धा चमचा. वडिलांच्या वाट्याचे हे मीठ रोज सकाळी एका वाटीत काढायचे, त्यांची भाजी-आमटी मीठ घालण्यापूर्वी वेगळ्या पातेल्यात काढून घ्यायची, आणि दिवसभर त्याच वाटीतून पुरवायचे. पानात मीठ वाढल्याशिवाय आई पान वाढतच नसे. तेव्हा ती चिमूटही त्याच वाटीतून वजा, असा निकाल झाला. वडील खुर्चीत बसून हे सारे पाहत होते. आयुष्यभर इतरांच्या फायलींवर शेरे मारलेला माणूस स्वतः फाईल झाल्यावर जसा पाहील, तसे.

कढई अर्ध्या उंचीपर्यंत भरली म्हणजे अर्धी भरली, असे कोणतीही बाई मानणार नाही. तळाशी निमुळत्या भांड्यात अर्ध्या खोलीला अर्धे माप नसते. जेमतेम तिसरा हिस्सा असतो. मापाच्या चिमट्याने केसाची जाडी मोजणाऱ्या माणसाला हे दिसले नाही. मला दिसले. मी मनाशी म्हटले, चूक आहे पण कमीच्या बाजूची आहे; आजाऱ्याला त्याने अपाय नाही. अशा रीतीने मी माझ्या पहिल्या गप्प बसण्याला शास्त्राचा आधार दिला. शिकलेल्या माणसाच्या भित्रेपणाला कारणे नेहमीच उत्तम दर्जाची मिळतात.

वडील आठ दिवस अळणी जेवण जेवले आणि नवव्या दिवशी पान बाजूला सारले. "हे काय आहे? आमटी की डोळे धुवायचं पाणी?" कांद्यावर चोळायला मीठ उरत नसे, म्हणून कांदाही सुटला. जेवण कमी झाले, पोट फुगल्यासारखे वाटू लागले, ढेकर येऊ लागले. रविवारी हे दाजींच्या कानावर गेले.

"वायू आहे," ते म्हणाले. "मामा, खायचा सोडा घ्या. अर्धा चमचा, कोमट पाण्यात, दोन्ही जेवणांनंतर. आमच्या वडिलांनी आयुष्यभर घेतला. लोखंड पचत होतं म्हातारपणी."

"डॉक्टरांना विचारायला नको?" आईने विचारले.

"सोड्याला काय विचारायचं? ढोकळ्यात घालता तेव्हा विचारता का?"

त्या आठवड्यात मी नववीच्या वर्गाला रेणुभाराची उदाहरणे घालीत होते. खाण्याच्या सोड्याच्या चौऱ्याऐंशी भागांत सोडियमचे तेवीस. म्हणजे शेकडा किती? मुलांनी हे पाच मिनिटांत सोडविले होते. कांदे काढायच्या दिवसांत अर्धा महिना शाळेला न येणाऱ्या मुलांनीही सोडविले होते. फळ्यावरचा खडू अजून माझ्या बोटांना होता म्हणायला हरकत नाही, आणि माझ्यासमोर, माझ्या घरात, हृदय थकलेल्या माझ्या वडिलांना तोच सोडा सुचविला जात होता.

मी म्हटले, "दाजी, सोड्यातही सोडियम असतं."

हे मी म्हटले, याविषयी शंका नाही. किती मोठ्याने म्हटले, याविषयी आहे.

"काय म्हणतायत मास्तरीणबाई?"

"सोड्यात… सोडियम असतं. मिठासारखंच."

दाजींनी खुर्ची माझ्याकडे वळविली. "मीठ म्हणजे सोडियम. मीठ खारट. सोडा खारट आहे का? सोडा तुरट. मग? आणि भज्यांत सोडा असतो, तर उद्यापासून भज्यांना सोडियम म्हणायचं का? मामी, आज सोडियम तळताय ना?"

वडीलसुद्धा हसले. ताई हसली आणि मग माझ्याकडे बघून हसणे आवरले. आई मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "जावयाला असं चारचौघांत खोडू नये गं. एवढ्या लांबून येतात बिचारे." ओझर तेथून दहा-बारा मैल असेल. मी भज्यांचे पीठ कालवले. त्यात चिमूटभर सोडाही घातला.

दाजींनी रविवार कारंजाच्या बाजारातून सोड्याचा मोठा डबा आणून दिला. मिठाची पट्टी सोड्याला लागू नव्हती, कारण सोडा निरुपद्रवी ठरला होता. तेव्हा इतके दिवस आवरून धरलेला आईचा हात तेथे मोकळा झाला. ती चमचा बुडवी, शीग भरी आणि बोटाने थोडे परत पाडी. तिचा तो जुना अर्धा चमचा, जो दीड होता. आणि वडील त्या पेल्याची वाट पाहू लागले. हे मला सर्वांत जास्त बोचते. जेवण संपत आले की ते स्वयंपाकघराकडे बघत. पाणी पिऊन झाले की ओठांवरून जीभ फिरवीत आणि म्हणत, "चला, काही तरी चव लागली." मिठाला पारखी झालेली जीभ सोड्यातले मीठपण ओळखत होती. तपासनिसाला जे चिमट्याने सापडले नाही ते त्या जिभेला सापडले होते, आणि मला तर ते कधीच ठाऊक होते.

दोन आठवड्यांत वडिलांचे पाय सुजू लागले. चपलेचा पट्टा संध्याकाळी बसेना. पायावर बोट दाबले की खळगा पडे आणि तो भरून यायला वेळ लागे. दाजी आले, त्यांनी तो खळगा पाहिला आणि मान हलविली.

"मीठ जातंय कुठून तरी."

"कुठून जाणार?" आई म्हणाली. "तुमच्या रेघेपुरतं घालते."

"मामी, राग मानू नका. पण तुमचा हात मला माहीत आहे. त्यांचं तोंड बघवत नाही, म्हणून आमटीत चिमूटभर जास्त पडत असेल. माया आहे, समजतो मी. पण ही माया मारते."

"देवाशपथ सांगते, जावईबापू, एक खडा जास्त घातला नाही."

"मग सूज काय आकाशातून पडली?"

आईने वडिलांकडे पाहिले. वडिलांनी भिंतीकडे पाहिले. तीस वर्षे जिच्या हातच्या मिठाला कोणी बोट लावले नव्हते, ती बाई स्वतःच्या ओट्यापाशी मिठाची चोर ठरली. मी कोपऱ्यात ताईच्या साडीला फॉल लावीत बसले होते. मी टाका घातला, दोरा ओढला, पुढचा टाका घातला. माझ्या मनात चौऱ्याऐंशीत तेवीस, चौऱ्याऐंशीत तेवीस असे चालले होते, आणि तोंडाने मी एवढेच म्हणाले, "ताई, दोरा संपला."

त्या दिवशी दाजींनी चमच्यावर दुसरी रेघ कोरली, पहिलीच्याही खाली. मिठाची बरणी वरच्या फळीवर गेली. जेवण आणखी अळणी झाले, वडील आणखी कमी जेवू लागले, पोट आणखी फुगू लागले, आणि सोडा दिवसातून तीनदा झाला. म्हणजे मिठाचे दार जितके लावून घेतले, तितके सोड्याचे उघडत गेले; आणि सूज मापाप्रमाणे वाढत गेली. आई आता वडिलांचे पान वाढताना प्रत्येक वेळी मला जवळ बोलावी. "बघ गं, तू बघ. तूच साक्षीला राहा." मी बघत असे. साक्षीला मी उत्तम होते.

एका सोमवारी सकाळी मी एसटीसाठी निघाले तेव्हा वडील पलंगावर उशांना टेकून बसले होते. आडवे झाले की श्वास कोंडतो म्हणाले. आईने हातात पेला धरला होता. "सोडा देते, बरं वाटेल." मी दारापर्यंत गेले, चपला घातल्या, आणि परत फिरले. आईच्या हातातला पेला घेतला आणि मोरीत ओतला. बोलण्याचे धैर्य तेव्हाही नव्हते, ओतण्याचे होते. मग मी टांगा बोलावला.

रुग्णालयात त्यांना प्राणवायू लावला, सुई टोचली. शेजाऱ्यांनी फोन केला होता. दुपारपर्यंत दाजी ओझरहून आले, आणि येताना आमच्या घरी थांबून चमचा आणि पितळी पट्टी घेऊन आले. डॉक्टरांनी विचारले, "मीठ किती देत होता?" दाजींनी चमचा पुढे केला.

"ही रेघ. त्याखाली दुसरी रेघ. वरून पट्टी. मी स्वतः माप घालून दिलंय."

डॉक्टरांनी चमचा उजेडात धरला. "एवढंसं? मी सांगितलं होतं त्याच्या निम्म्यानंही कमी आहे हे. मग ही सूज कशी? आणखी काही घेतात? चूर्ण, काढा, काही?"

"काही नाही," आई म्हणाली. "जेवल्यावर सोडा तेवढा."

"तो मीठ नव्हे, सोडा," दाजी म्हणाले.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. "किती?"

उत्तर मी दिले. "दिवसातून तीनदा, शीग लावून एकेक चमचा. सपाट धरला तरी एका चमच्यात सोडियम सव्वा ग्रॅमच्या आसपास. तुम्ही दिवसभराचं जे मीठ सांगितलं होतं, त्यातही तेवढं नसतं. म्हणजे रोज तिप्पट-चौपट गेलंय."

शब्द न अडखळता आले. महिनाभर ते तोंडपाठच होते.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. "तुम्ही काय करता?"

"शाळेत रसायनशास्त्र शिकवते."

"मग?"

डॉक्टरांनी उत्तराची वाटही पाहिली नाही. ते वडिलांच्या खाटेकडे गेले. दाजी पट्टी चमच्यावरून पुढे-मागे फिरवीत उभे होते.

तिसऱ्या दिवशी सूज उतरू लागली आणि वडील आडवे झोपू शकले. वडील पुढे सहा वर्षे जगले, हे आताच सांगून टाकते. वाचणाऱ्याला उगाच टांगून ठेवण्यात अर्थ नाही. त्या तिसऱ्या दिवशी आई घरी पेज आणायला गेली असताना त्यांनी मला विचारले, "तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"एकदा बोलले होते."

"एकदा," ते म्हणाले. अर्जावर तीन सह्या हव्यात तेथे एकच आढळली की कचेरीत ते जसे म्हणत असतील, अगदी तसे. अर्ज परत करण्याचा तो स्वर होता. "आणि जावई तुझ्या आईला बोलले तेव्हा?"

त्यांनी कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी मी सहा चमचे, बारीक मीठ, जाडे मीठ आणि सोडा यांच्या पुड्या बांधून शाळेत नेल्या. प्रयोगशाळेतल्या काट्यावर प्रत्येकाचे दहा दहा सपाट चमचे तोलले आणि दहाने भागले. दाजींच्या रेघांपर्यंत भरूनही तोलले. हे करायला अर्धी सुटी पुरली. महिनाभरापूर्वीही काटा तेथेच होता, अर्धी सुटीही होत होती. मग मी एक कागद लिहिला. चहाच्या सपाट चमच्यात बारीक मीठ सुमारे सहा ग्रॅम, त्यात सोडियम पाच भागांत दोन. जाडे मीठ त्याहून हलके भरते. सोडा सुमारे साडेचार ग्रॅम, त्यात सोडियम पावाहून थोडे अधिक. पापडखार सोड्याच्याच जातीचा, म्हणून पापड नको. लोणच्याला माप नाही, म्हणून लोणचे नको. चमच्यातील पहिली रेघ अर्धी नसून सुमारे तिसरा हिस्सा आहे. आणि सर्वांत खाली मी एक ओळ लिहिली. तो कागद मी मसाल्याच्या कपाटाच्या दाराला आतून खळीने चिकटविला. मी आयुष्यात स्वतःहून लिहिलेला तो पहिला मजकूर.

वडील घरी आल्यावरच्या रविवारी ताई आणि दाजी आले. दाजींची प्रकृती उत्तम होती. बसल्या बसल्या म्हणाले, "मी पहिल्यापासून सांगत होतो, मोजून घ्या म्हणून. सोड्याला तेवढी पट्टी लावायची राहिली." एवढ्यात त्यांना कपाटाच्या दारावरचा कागद दिसला. ते उठले, जवळ जाऊन वाचू लागले, आणि खिशातून पेन्सिल काढली.

"चांगलंय, मास्तरीणबाई. पण हे 'सुमारे' काय? सुमारे सहा, सुमारे साडेचार. आमच्याकडे असा तक्ता दिला तर साहेब तोंडावर फेकेल. आकडा द्यायचा, पॉइंटसकट." आणि त्यांनी पहिल्या 'सुमारे'वर काट मारली.

"राहू द्या ते," मी म्हटले.

"का?"

"मीठ पावसाळ्यात ओलं होतं, उन्हाळ्यात कोरडं. चमचा तोच, वजन तेच येत नाही. दहा दहा चमचे तोलले, दर खेपेला निराळं आलं. सुमारे हेच बरोबर आहे."

वडील खुर्चीतून म्हणाले, "पाव्हणं, राहू द्या. तिनं तोललंय."

दाजींनी खांदे उडविले आणि पेन्सिल खाली सरकत गेली. तिसऱ्या हिश्शाच्या ओळीपाशी ती थोडी थबकली, पण ती ओळ त्यांनी मोठ्याने वाचली नाही. मग ते शेवटच्या ओळीवर आले. "आणि हे काय मध्येच? हे तक्त्यात बसत नाही."

"काय आहे?" वडिलांनी विचारले. "वाचा की."

दाजी वाचेनात. तेव्हा वडील उठले, खुर्चीच्या पाठीला धरून क्षणभर थांबले, कपाटापर्यंत गेले आणि चष्मा नाकावर सरकवून कचेरीतला हुकूम वाचावा तसे वाचले: "गेल्या महिन्यात आईच्या हातून एक चिमूटही मीठ जास्त पडले नाही."

आई ओट्यापाशी चहा गाळत होती. तिचा हात थांबला नाही.

"हे कशाला?" दाजी हसून म्हणाले. "कोण म्हणालं तसं? मामी, मी तर मायेनं म्हटलं होतं."

"बसतं ते तक्त्यात," मी म्हटले. माझा आवाज खोलीभर ऐकू गेला आणि मलाच तो परका वाटला. "रोज वाढताना मी तिथं उभी होते. ते पाहून लिहिलंय. आणि तिथं 'सुमारे' नाहीये."

दाजींनी पेन्सिल खिशात ठेवली. ताई उगाचच पिशवीत काही शोधू लागली. माफी कोणी मागितली नाही. आमच्या घरात जावई माफी मागत नसत आणि त्यांच्याकडून ती घेण्याची कोणाची प्राज्ञाही नव्हती. आईने पाच कप मांडले. चार कपांत साखर घातली. दाजींचा कप तिने शेवटी घेतला. मग रेघा कोरलेला तो चमचा उचलला, साखरेच्या डब्यात बुडवून शीग भरून वर काढला, पितळी पट्टी काठावरून सावकाश फिरविली आणि वरची साखर डब्यात परत पाडली. दुसरा चमचाही तसाच. मग कप उचलून तिने तो जावयापुढे ठेवला.